झुकतं माप

मुक्ताईनगर हे नाव ज्या मुलीवरून पडलं, तिला एकदा दुकानातून रिकाम्या हातानं परत यावं लागलं होतं. आख्यायिका महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. आळंदीत भावंडांना मांडे करून घालायचे होते, मांड्यांना खापर हवं, म्हणून मुक्ताई कुंभारवाड्यात गेली. विसोबा चाटी यांनी कुंभारांना आधीच दम भरून ठेवला होता, की संन्याशाच्या पोरांना काही द्यायचं नाही. मुक्ताई रडत घरी आली, ज्ञानदेवांनी आपली पाठ तापवली आणि मांडे त्या पाठीवर भाजले गेले. कीर्तनकार इथून चमत्काराकडे वळतात, पुढे विसोबांच्या पश्चात्तापाकडे जातात. मी मात्र दरवेळी त्या कुंभारापाशीच अडकतो. खापर त्याच्याकडे होतं. ते विकणं हाच त्याचा धंदा होता. पोरीशी त्याचं काही वैर नव्हतं. तरी त्यानं विकलं नाही, आणि त्याचं नावसुद्धा कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

ग्राहकसेवा म्हटलं की हल्ली हसरा चेहरा, थंड पाणी, एसी, छापील बिल, बदलून मिळणारा माल असं डोळ्यांपुढे येतं. पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट ठरावी लागते. समोर उभ्या असलेल्या माणसाला गिऱ्हाईक मानायचं की नाही? सेवेच्या दर्जावरची बहुतेक पुस्तकं हा प्रश्न सुटलाय असं धरून पुढे जातात. खान्देशात तो सुटायला फार वेळ लागला आणि पूर्ण सुटला असं छातीठोकपणे म्हणवत नाही.

1929 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई सरकारच्या एका समितीचे सदस्य होते. चाळीसगाव-धुळे रेल्वेवरच्या एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता, त्याची चौकशी करून ते परतत होते. चाळीसगाव स्टेशनवर वस्तीतले लोक त्यांना न्यायला आले होते. वस्ती अगदी जवळ. पण पाहुण्याला चालत न्यायचं नाही म्हणून त्यांनी टांगा बघितला. टांगेवाले यायला तयार होईनात. अस्पृश्याला टांग्यात बसवणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. बराच वेळ गेल्यावर तोड निघाली, ती अशी की टांगेवाल्यानं टांगा भाड्यानं द्यायचा, पण हाकायचा नाही. मग वस्तीतलाच एक जण लगाम धरून बसला. त्याला टांगा हाकता येत नव्हता. नदीवरच्या फरशीवर चाक अडकलं, टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर आदळले आणि पाय मोडून कित्येक दिवस अंथरुणाला खिळले. त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात हे लिहून ठेवलं आहे. मला त्यातली सर्वात बोचणारी गोष्ट अपघात नाही, तो व्यवहार आहे. भाडं चालत होतं, माणूस चालत नव्हता.

संविधानाच्या कलम 15 मध्ये दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा शब्दशः उल्लेख आहे, तो या अनुभवांच्या राशीवर उभा आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही तिथं जाण्यापासून अडवता येत नाही. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानं अस्पृश्यतेच्या कारणावरून दुकानात मज्जाव करणं गुन्हा ठरवलं. महाराष्ट्रानं तर 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा केला. तो जुलै 2017 पासून लागू आहे. जातपंचायतीच्या सांगण्यावरून दुकानदारानं एखाद्या कुटुंबाला माल नाकारणं आता या कायद्यात बसतं. विसोबांनी कुंभारांना भरलेला दम, असं मी मनात म्हणतो. त्याला कायद्यात नाव मिळायला सातशेहून जास्त वर्षं लागली.

आत पाऊल पडलं की पुढचा प्रश्न मापाचा.

मेट्रिक वजनं येण्याआधी धान्य पायलीनं मोजत. चार शेरांची एक पायली. माप भरलं की वर धान्याचा उभा ढीग चढतो, ती शीग. शीग ठेवायची की हातानं पुसून टाकायची यावर दुकानदाराची पत ठरे. शिगोशीग माप देणाऱ्याकडे शेजारच्या गावाहून लोक येत. वजनानं देताना तोच मोकळेपणा तागडीत दिसे. गिऱ्हाइकाच्या बाजूचं पारडं जरा खाली गेलं की दुकानदार हात काढून घेई. ते झुकतं माप. उलट बाजूला काटा मारणारेही होतेच. तागडीचा मूळचा तोल सांभाळायला बांधलेला पासंग कुणाच्या बाजूनं काम करतोय, हे बघायला चांगली नजर लागे. मराठीत या दुकानी शब्दांनी केवढं घर केलंय पाहा. पक्षपात केला की झुकतं माप, बरोबरी होत नसली की पासंगाला पुरत नाही, आणि एखाद्याची टिंगल केली की त्याचं गिऱ्हाईक केलं. शेवटचा वाक्प्रचार कुणा दुकानदारानं घडवला नसावा. तो दुकानातून पोळून बाहेर पडलेल्या माणसाचा असणार.

1956 चा कायदा आला, 1962 पर्यंत किलो-ग्रॅम सक्तीचे झाले आणि शीग गेली. पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि झुकतं मापही गेलं, कारण आकडे दाखवणारा काटा झुकत नाही. दोनशे पंचावन्न ग्रॅम दाखवले की पोऱ्या पाच ग्रॅम साखर चिमटीनं परत काढतो. त्यात बेइमानी काहीच नाही, हिशेब चोख आहे. तरी बघणाऱ्याला कुठेतरी खट्टू वाटतं. भाजीवाल्या बाया मात्र अजून ऐकत नाहीत. काट्यावर वांगी बरोबर भरली की वरून दोन मिरच्या, कोथिंबिरीच्या चार काड्या टाकतातच. काटा आकडे दाखवतो, बाई शीग लावते.

नव्या काट्यालाही वाकवता येतं, फक्त ते दिसत नाही. म्हणून व्यापारी वापरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी वैधमापन खात्याकडून पडताळणी करून घ्यावी लागते. साध्या तराजूची आणि वजनांची दर दोन वर्षांनी. पडताळणीचा शिक्का काट्यावर असतो आणि प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावायचं असतं. मिठाईचा खोका मिठाईबरोबर तोलणं बेकायदा आहे. पेढ्यांच्या भावानं पुठ्ठा घेण्याचं काही कारण नाही. पेट्रोल पंपावर शंका आली तर पाच लिटरच्या प्रमाणित मापानं मोजून दाखवा असं म्हणायचा हक्क आपल्याला आहे. हा हक्क वापरणारा माणूस मी आजवर एकदाच पाहिला. मागच्या रांगेतले सगळे त्याच्यावरच चिडले होते.

आता गावाकडे येऊ. मुक्ताईनगर, जुन्यांच्या तोंडी अजून एदलाबाद, हे सेवेचा अभ्यास करायला फार सोयीचं गाव आहे. सुरतेहून नागपूरकडे जाणारा महामार्ग इथून जातो आणि बऱ्हाणपूरचा रस्ता इथेच फुटतो. मुक्ताईचं स्थान म्हणून वारकरी येतात. 1297 मध्ये याच तापीकाठच्या परिसरात वीज कडाडली आणि ती गुप्त झाली, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. शिवाय तालुक्याचं ठिकाण म्हणून आसपासच्या केळी-कपाशीच्या गावांचा रोजचा बाजार. म्हणजे एकाच गावात तीन तऱ्हेची गिऱ्हाइकं: रोज येणारं, पुन्हा कधीच न येणारं, आणि वर्षातून नेमानं येणारं. दुकानदार तोच असला तरी तिघांना मिळणारी वागणूक एकसारखी नसते.

रोजच्याची गोष्ट आधी. किराणा दुकानातली मुख्य सेवा म्हणजे आठवण. कुणाकडे कोणता चहा लागतो, कुणाच्या म्हाताऱ्याला साखर बंद आहे, कुणाच्या घरी कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडीद किती प्रमाणात दळतात, हे दुकानदाराच्या डोक्यात असतं. भाषाही तो माणूस बघून बदलतो. खान्देश म्हटलं की बाहेरच्यांना अहिराणीच आठवते. पण या पट्ट्यात लेवा गणबोली आणि तावडी चालते, मलकापूरकडचा माणूस आला की वऱ्हाडी आणि पलीकडच्या मध्य प्रदेशातला आला की हिंदी. आतल्या पोऱ्याला ‘मावशीले पानी दे रे’ म्हणून सांगणारा दुकानदार पुढच्याच क्षणी ट्रकवाल्याला ‘बोलो सरदारजी’ म्हणतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

या असल्या गोष्टी मोजायच्या कशा, यावर अमेरिकेत 1985 मध्ये तीन प्राध्यापकांनी एक गाजलेला लेख लिहिला. त्यांतले एक ए. परशुरामन, मद्रासच्या आयआयटीत आणि अहमदाबादच्या आयआयएममध्ये शिकलेले. बाकीचे दोघे व्हॅलरी झाइथामल आणि लिओनार्ड बेरी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की सेवेचा दर्जा दुकानात नसतो, गिऱ्हाइकाच्या अपेक्षेत आणि अनुभवात जे अंतर पडतं त्यात असतो. 1988 मध्ये त्यांनी यासाठी बावीस विधानांची प्रश्नावली तयार केली. जागेची टापटीप, दिलेला शब्द पाळणं, तत्परता, माहितगारपणा आणि आपुलकी, अशा पाच अंगांनी ती दर्जा तपासते. त्यांच्या पाहण्यांमध्ये सगळ्यांत वजनदार ठरलं ते शब्द पाळणं. आपल्याकडे टापटिपीला भलतं महत्त्व आलं आहे. काचेची दारं लावली की दुकान सुधारलं असं मालकाला वाटतं. गिऱ्हाईक मात्र ‘उद्या या’ म्हणणाऱ्या शिंप्यानं उद्या खरंच कपडे दिले का, तेवढंच लक्षात ठेवतं.

अपेक्षेचा हा मुद्दा गावात चांगला कळतो. महामार्गावरच्या खाणावळीत टेबलावर फडका नीट फिरवला नाही तर पुण्याहून आलेलं कुटुंब तोंड वाकडं करतं. शेजारी बसलेला ट्रकचा क्लीनर तिकडे बघतही नाही. त्याला गाडी दिसेल अशी जागा, अंघोळीपुरतं पाणी आणि शेवभाजीत रस्सा परत मिळणं हवं असतं. रस्सा दुसऱ्यांदा मागितला आणि वाढप्यानं कपाळाला आठी घातली, तर तो ढाबा त्याच्या लेखी संपला. वरण-बट्टीच्या ताटावर तूप किती सैल हातानं पडतं, यावरही मालकाची किंमत होते. खान्देशात आग्रह हा जेवणाचाच भाग आहे. आग्रह न करता वाढलेलं ताट इथल्या माणसाला अळणी लागतं.

पण महामार्गाची खरी अडचण वेगळी आहे. रॉबर्ट ॲक्सेलरॉड या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञानं 1984 मध्ये एका पुस्तकात दाखवलं, की एकमेकांशी पुन्हा गाठ पडणार असेल तर स्वार्थी माणसंही एकमेकांना सांभाळून घेतात. पुढच्या भेटीची सावली आजच्या वागण्यावर पडते. पुढची भेटच नसेल तर सावली नाही. हायवेवर अर्धा तास थांबून जाणाऱ्या गाडीची सावली पडत नाही. म्हणून बस थांब्यावरचा वडा गार असतो.

माझाच अनुभव सांगतो. उन्हाळ्यात म्हाताऱ्या आत्याला घेऊन जाताना रस्त्याकडेच्या एका टपरीवर पाण्याची बाटली घेतली. छापील किमतीच्या वर पाच रुपये मागितले. का, तर थंड करायचे. मी वाद घालायला लागलो तशी आत्या म्हणाली, ‘दे रे पाच रुपये, माह्या घशाले कोरड पडली.’ दिले. टपरीवाल्याला ठाऊक होतं की तहान माझ्या बाजूनं नाही. कायदा मात्र माझ्या बाजूनं होता. दुकानातून बाटली नेताना छापील कमाल किमतीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही; थंड करण्याचा खर्च त्यातच धरलेला असतो. हॉटेलात टेबलाशी बसून घेतली तर गोष्ट निराळी. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की तिथं आपण नुसती बाटली विकत घेत नाही. जागा, वाढप आणि बसण्याची सोय हेही घेतो, म्हणून हॉटेलला छापील किमतीहून जास्त लावता येतं. म्हणजे बाकडं आणि टेबल यांत कायद्यानं फरक केला. पुढच्या वेळी मी बसायचं ठरवलंय, पाच रुपये वसूल होईपर्यंत.

अनोळख्या गिऱ्हाइकाला जी सावली नव्हती, ती आता मोबाइल देतोय. जेवण झाल्यावर कुणीतरी नकाशावर तारे देतं, फोटो टाकतं, ‘बाथरूम घाण’ म्हणून लिहितं. आणि मागून येणारा नागपूरचा माणूस ते अमरावतीतच वाचतो. परत न येणारं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या रूपानं परत येतं. ताऱ्यांत खोटेपणा शिरला आहे, ओळखीच्यांकडून पाच-पाच लावून घेतात. पण वाईट शेरा मालकाला टोचतो हे खरं.

इथं कुणी म्हणेल, मग रोजच्या गिऱ्हाइकाची चंगळ आणि परक्याची लूट, एवढंच ना? तसंही नाही. ओळखीच्या माणसालाही ओळखीतूनच अडवता येतं, आणि केळी-कपाशीच्या मुलखात त्याची जागा म्हणजे खत-बियाण्याचं दुकान. जून तोंडावर आला की शेतकऱ्याला युरिया हवा असतो. दुकानात सांगतात, युरिया आहे, पण त्याबरोबर ही बाटली घ्यावी लागेल. याला सगळीकडे ‘लिंकिंग’ म्हणतात आणि ते बेकायदा आहे. शेतकऱ्याला ते माहीतही असतं. पण मागच्या हंगामाची उधारी वहीत असते, कापूस विकल्यावर फेडायची बोली असते. ज्याच्याकडे खातं चालू आहे त्याला भाव कोण विचारणार? दुकानदाराकडे गेलात तर तो वेगळी बाजू सांगेल, की वरून कंपनीच त्याच्या गळ्यात ती बाटली मारते. दोघांचंही खरं असू शकतं. मला एवढंच दिसतं की उधारी ही गावातली सगळ्यांत मोठी ग्राहकसेवा आहे आणि सगळ्यांत घट्ट लगामही तीच आहे. अडल्या वेळी बँक उभं करत नाही तेव्हा दुकानदार पोतं देतो. आणि पोतं देणाऱ्याशी भांडता येत नाही. यूपीआयचं ‘रुपये प्राप्त झाले’ म्हणणारं यंत्र आता प्रत्येक टपरीवर बोलतं, त्यानं सुट्ट्या पैशांऐवजी गोळ्या हातावर ठेवण्याची पद्धत कमी केली. वहीला त्यानं हात लावलेला नाही.

बियाणं उगवलं नाही तर शेतकरी ग्राहक आयोगात जाऊ शकतो का, यावर बियाणं कंपन्यांनी बराच काळ वाद घातला. जानेवारी 2012 मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं उत्तर दिलं: शेतकरी हा ग्राहकच आहे. पावती मात्र हवी. म्हणून बियाण्याची पिशवी, त्यावरचं लेबल आणि बिल पीक हाती येईपर्यंत जपून ठेवायचं. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि वकील लावणं बंधनकारक नाही.

ग्राहकाला असा कायदेशीर दर्जा मिळण्यात मराठी माणसांचा मोठा हात आहे. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढल्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि तिनं नुसती तक्रार न करता एकत्र खरेदी करून घरोघर वाटपाची पद्धत बसवली. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर, डिसेंबर 1986 मध्ये आला. 2019 चा नवा कायदा जुलै 2020 पासून लागू झाला.

नव्या कायद्याचा एक धडा दुकानातल्या पाट्यांपुरता सांगून ठेवतो. पुष्कळ दुकानांत दोन पाट्या शेजारी-शेजारी असतात. एकीवर गांधीजींचं चित्र आणि ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे, अशा अर्थाचा मजकूर. दुसरीवर, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. पहिली पाटी गांधीजींची नाही. हा मजकूर त्यांनी 1890 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या भाषणात सांगितला असं छापतात. पण 1890 मध्ये गांधीजी लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करत होते, दक्षिण आफ्रिकेत ते 1893 मध्ये पोचले. अशाच आशयाचा मजकूर 1941 मध्ये स्टुडबेकर या अमेरिकी मोटार कंपनीच्या केनेथ इलियट या अधिकाऱ्याच्या नावावर छापलेला सापडतो. दुसरी पाटी तर बेकायदाच आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं, ही कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणं हीसुद्धा. एक पाटी खोटी, दुसरी बेकायदा. भिंत मात्र दरवर्षी दिवाळीला रंगवलेली असते.

जळगावच्या सोन्याचं इथं नाव घेतलं नाही तर जिल्ह्यातला वाचक रागावेल. मुक्ताईनगरहून लग्नाचे दागिने घ्यायला लोक पन्नास-साठ किलोमीटरवरच्या जळगावला जातात. राजमल लखीचंद ही तिथली पेढी 1854 पासूनची. या शहराची ख्याती कसावर उभी राहिली: इथलं सोनं उद्या मोडायला नेलं तरी दगा देत नाही, हा शब्द. जून 2021 पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं सक्तीचा होत गेला आणि एप्रिल 2023 पासून हॉलमार्क लागणारा दागिना सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांकाशिवाय विकता येत नाही. जे काम पेढीचं नाव करत होतं ते आता दागिन्यावर कोरलेली सहा चिन्हं करतात. सासूबाईंना तरीही पेढीचंच नाव सांगावं लागतं.

आता तिसरं गिऱ्हाईक, वर्षातून एकदा येणारं. महाशिवरात्रीच्या सुमाराला मुक्ताई आणि चांगदेव यांची यात्रा भरते. वऱ्हाडातून, मध्य प्रदेशातून दिंड्या चालत येतात. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवचं देऊळ, इकडे कोथळीला आणि गावात मुक्ताई. आषाढीला तर मुक्ताईची पालखी कोथळीहून निघते आणि बुलढाणा, जालना, बीड असा पल्ला चालत पंढरपूर गाठते. मानाच्या पालख्यांत फार लांबून चालत येणाऱ्यांपैकी ही एक.

वारकरी हा व्यापाराच्या हिशेबानं अगदी गैरसोयीचा माणूस. खिशात पैसे थोडे, मागणी थोडी, मुक्काम एका रात्रीचा. महामार्गाचं तर्कशास्त्र लावलं तर त्याला सगळ्यांत वाईट वागणूक मिळायला हवी. मिळते उलटी. ज्या रस्त्यावर बाटलीमागे पाच रुपये मागतात त्याच रस्त्यावर त्या दिवशी चहाचं पिंप फुकट उभं राहतं. वारीच्या वाटेवर न्हावी दाढी करून देतो, चांभार तुटलेला अंगठा शिवून देतो, शिंपी सदऱ्याला टाका घालतो आणि कुणी पैसे घेत नाही. ज्यांना इतर दिवशी ‘सेवा’ हा शब्द सरकारी फलकावरचा वाटतो, ते त्या दिवशी तोच शब्द मूळ अर्थानं वापरतात. ‘आज आमची सेवा आहे’ म्हणजे आज आम्ही वाढणार. वाढणारे कोण असतात ते बघावं: कापडवाला, मेडिकलवाला, खताच्या दुकानाचा मालक. ओळख विचारत नाहीत. सगळ्यांना एकच हाक, ‘माउली’. मुंबईच्या मोठ्या हॉटेलात गिऱ्हाइकाला आडनावानं बोलवायचं शिक्षण देतात. इथं आडनाव काढून टाकलं की काम झालं.

यात मी वाहवत जाणार नाही. यात्रेतही नारळ महाग होतो, गाडी लावायला जास्त मागतात, आणि माउली म्हणणारा माणूस दोन दिवसांनी काउंटरमागून पुन्हा शेठ होतो. पण एवढं नक्की सिद्ध होतं, की परक्याला नीट वागवायला या गावाला वेगळं प्रशिक्षण लागत नाही. ते येतं. बाकीचे दिवस ते का वापरत नाहीत, हा प्रश्न त्यांनाच विचारायला हवा. विचारला तर हसून चहा पाजतात.

खान्देशात मांडे म्हणजे खापरावरची पुरणपोळी, पालथ्या खापरावर हातानं फिरवून फिरवून पसरलेली. कधी आठवडे बाजारात खापर घ्यायला गेलात तर लगेच पैसे काढू नका. कुंभारीण खापर एका हातावर तोलून दुसऱ्या हाताच्या बोटानं स्वतःच वाजवून दाखवते. खणखणीत वाजलं तर पक्कं भाजलंय. बद्द वाजलं तर कुठेतरी चीर आहे; ते बाजूला ठेवते आणि दुसरं उचलते.